मामा, आपली भाची वाट पाहते आहे

ऐक. नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस, तुझे प्रश्न सगळे शेवटी. डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर एक बाई बसते. पेशंट नाही, कामाला आहे तिथे. वय त्रेचाळीस. तिचं एक खूळ सगळ्या दवाखान्याला माहीत आहे, ती कुणाचंही नाव पुकारत नाही. डॉक्टरांनी आत पेशंट मागितला की ही खुर्चीतून उठते, पंधरा-वीस माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बरोबर त्या माणसापाशी जाते, वाकते आणि कानाशी म्हणते, "चला, तुमचा नंबर." दिवसातून साठ वेळा. चष्म्याचे नंबर काढणारा तिला म्हणतो, "अहो ताई, बसल्या जागेवरून हाक मारा की, गुडघे झिजतील." तर ही म्हणते, "झिजू देत. माझेच आहेत." तर त्या दिवशी सकाळी थेंब घालून एक कॉलेजची मुलगी बसली होती. थेंबांनी बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या, समोरचं धड दिसत नाही, पण मोबाइल सुटेल तर शपथ. हात लांब करकरून बघायचा प्रयत्न केला, जमेना, मग नुसती ऐकत बसली. आणि त्या मोबाइलमधून आलं, आधी टिंगटाँग, आणि मग मधात बुडवून काढलेला बाईचा आवाज, "मामा, मामा, आपण जिथे असाल तिथून कृपया तळमजल्यावर या. आपली भाची वाट पाहते आहे." आणि त्यावर माणसांचं खो खो हसणं. मुलगी हसली. शेजारचे आजोबा हसले. टेबलामागची बाई हसली नाही, कारण तो आवाज तिचा होता.

म्हणजे कसं झालं माहीत आहे, आधी तिला कळलंच नाही की हा कानाने ऐकलेला आवाज आहे. तिला वाटलं आपणच बोललो. जीभ तपासली तिने, खरंच, दातांमागे फिरवून बघितली, कोरडी आहे का. घशात ती जुनी जागा ताणल्यासारखी झाली, "वाट पाहते आहे"मधला "पा" जिथून उचलायचा ती जागा. ती उठून त्या मुलीपाशी गेली. मुलीला वाटलं नंबर आला. "नाही नाही, बस," ही म्हणाली, "ते काय ऐकत होतीस?" "अय्या काकू, तुम्हाला माहीत नाही? सगळीकडे तेच आहे सध्या! मांजर कपाटावरून पडलं की मामा. कुणी नापास झालं की मामा. माझ्या भावाने तर अलार्म लावलाय, रोज सकाळी आमच्या घरात मामा!" "कोण आहे गं ती बाई?" "कोणी नसेल हो. कॉम्प्युटरचा आवाज असणार. खरी बाई कशाला इतकी गोड बोलेल?" मुलीने पुन्हा लावलं. आजोबांनी पुन्हा मान डोलावली. आणि बाईच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ना, ती पुढचे पंधरा दिवस उतरलीच नाही.

तिला सगळे भाची म्हणायचे. आपणही तेच म्हणू. तो मॉल तू पाहिला असशील बाहेरून, आता निळे पत्रे लावलेत त्याला. तिथे आधी बर्फाचा कारखाना होता. मॉल उघडला तेव्हा भाची बावीसची होती, आणि शहरातला तो पहिला सरकता जिना. लोक आठ-आठ दिवस नुसता जिना बघायला येत होते. एक बाई चपला हातात घेऊन चढली होती, म्हणे एवढा चकचकीत, पाय कसा द्यायचा. एक काका वर पोचल्यावर उतरलेच नाहीत, तिथेच उलटं चालत राहिले, मागून सगळी वरात त्यांच्या अंगावर. भाचीचं काउंटर तळमजल्यावर कारंज्यासमोर, काचेचं, वर लिहिलेलं "माहिती". काम काय तर माईक. हरवलेली पोरं, सापडलेल्या किल्ल्या, आज दुपारी अमुक वस्तूंवर अमुक सूट. आणि एक गुपित. ते गुपित पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने, म्हणजे साहेबांनी, तेव्हाच्या सगळ्या मंडळींना जमवून सांगितलं होतं. आग लागली तर माईकवर आग म्हणायचं नाही. तो शब्द ऐकला की चार-पाचशे माणूस एका दरवाजावर पडेल, आगीने मरेल त्याच्या दसपट चेंगरून मरेल. म्हणून परवलीचा शब्द. मामा. "मामा, मामा, आपण जिथे असाल तिथून तळमजल्यावर या." गिऱ्हाइकाला वाटेल कुणाचा तरी मामा हरवलाय. पण आपल्या माणसाने ओळखायचं, हसतमुखाने शटर ओढायचं, गिऱ्हाइकाला म्हणायचं चला हो खाली चला, आणि जिन्याने उतरायचं. साहेब स्वतःवर खूश होते. "म्हणजे अख्ख्या शहराला मामा बनवायचं," मागून कोणीतरी बोललं आणि सगळे फुटले. ती बोलणारी होती सुई.

सुई म्हणजे तिसऱ्या मजल्यावर कपड्यांच्या दुकानाच्या मागे जी ऑल्टरची खोली होती तिथे बसायची ती. पॅन्ट लांब झाली, कंबर सैल झाली, की दुकानदार म्हणायचा अर्ध्या तासात करून देतो, आणि त्या अर्ध्या तासाची मालकीण सुई. अंगाने काडी, बोलणं टोचरं, म्हणून सुई. खोलीला खिडकी नाही, एक दरवाजा, तोही बंद ठेवावा लागायचा कारण इस्त्रीची वाफ बाहेर कपड्यांवर जाते. बाहेर बोळ, आणि बोळात दुकानांचे पुठ्ठे आणि थर्माकोल छतापर्यंत. भाची जेवणाच्या सुट्टीत वर जायची, दोघी त्या वाफेत बसून एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. "खाली बसून दिवसभर गोड बोलतेस," सुई म्हणायची, "मधुमेह होईल बघ शहराला." सुईने भाचीच्या प्रत्येक कुडत्याला आतून खिसा लावून दिला होता, न विचारता. "बाईमाणसाला खिसा नसतो म्हणून तर ती हातात धरून धरून दमते," हे तिचं तत्त्वज्ञान. आता तुला सांगते, म्हणजे भाचीला हे आठवतं ना, तर ते आठवणींसारखं येत नाही, ते वाफेसारखं येतं. दवाखान्यात बसल्या बसल्या नाकात एकदम गरम ओल्या कापडाचा वास. आणि लगेच राग. आधी वास, मग राग, मध्ये दुःखाला जागाच नाही.

कारण पुढचं ऐक. पहिल्या वर्षी दर महिन्याला सराव व्हायचा. मग दोन महिन्यांनी. मग साहेब म्हणाले धंद्याची वेळ जाते, बंद करा. मामा हा शब्द तसाच पडून राहिला, कपाटातल्या चांगल्या साडीसारखा. आणि तिसऱ्या वर्षी सुईच्या वाढदिवसाला भाचीच्या डोक्यात आलं. तिचीच कल्पना, हां, दुसऱ्या कुणाची नाही. दुपारी तीनला गर्दी जरा कमी असायची. तिने माईक उचलला, टिंगटाँग, "मामा, मामा." आणि तिन्ही मजल्यांवरून पोरी धावत खाली, काळजाचं पाणी झालेल्या, आणि खाली मागच्या खोलीत केक. काय शिव्या घातल्या सगळ्यांनी! आणि काय हसल्या! सुई तर हसता हसता जमिनीवरच बसली. "मामा केलास गं आमचा!" साहेब आले तरातरा, सगळ्यांना वाटलं आता गेलो. त्यांनी केकचा तुकडा उचलला आणि म्हणाले, "बरंच आहे. शब्द वापरात राहतो." झालं. त्यानंतर प्रत्येकाचा वाढदिवस म्हणजे मामा. चार वर्षं. मॉलमध्ये एकशेदहा माणूस कामाला, म्हणजे दर तीन-चार दिवसांनी एक मामा. नवीन जे लागले त्यांना तर कुणी सांगितलंच नाही की याचा दुसरा काही अर्थ आहे. त्यांच्यासाठी मामा म्हणजे केक. कुठल्यातरी अशाच दुपारी कुणीतरी जिन्यावर आपल्या पोराचा व्हिडिओ घेत होतं आणि मागे भाचीचा आवाज सापडला. तेच ते, मांजर कपाटावरून पडतं ते.

क्लिप ऐकली त्याच आठवड्यात तिला फोन आला. एक पोरगा, आवाजावरून पंचविशीतला, अतिशय नम्र. मॉलची जागा एका कंपनीने घेतली आहे, आत कचेऱ्या होणार, पण खालच्या दालनात जुन्या मॉलचा इतिहास मांडायचा आहे. फोटो, जुन्या पावत्या, एक छोटी फिल्म. "आठवणींचा कोपरा म्हणा ना मॅडम. आणि तुम्ही म्हणजे तर त्या मॉलचा आवाज! तुम्हाला शोधायला मला किती दिवस लागले माहीत आहे? तुमचं नावच कुणाला माहीत नाही, सगळे भाची म्हणतात!" त्याला आपण इतिहासवाला म्हणू. भाची त्याला नाही म्हणणार होती. तोंडात नाही आलंही होतं. पण तिने विचारलं, "इतिहासात काय काय घेतलंत?" आणि तो म्हणाला, "सगळं, मॅडम. अगदी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत." सगळं या शब्दाने ती गेली. चौदा वर्षं कुणी सगळं असं म्हटलं नव्हतं.

पत्र्याच्या दारातून आत शिरल्यावर पहिल्यांदा काय झालं तर ती सरकत्या जिन्यावर अडखळली. बंद पडलेला जिना, नऊ वर्षांची धूळ, पण पायाला कुठे माहीत! पायाने सवयीने पहिल्या पायरीवर वेग धरला आणि पायरी जागची हलली नाही, आणि ती तोंडावर आपटता आपटता राहिली. इतिहासवाला म्हणाला, "सगळ्यांचंच होतं तसं." तिला त्या पायाचाच राग आला. मूर्ख, बारा वर्षांची नोकरी झाली, अजून मालकाच्या तालावर चालतोस. वरून कबुतरांचं घूं घूं. कारंज्यात पाण्याऐवजी पुठ्ठे. प्लॅस्टिकची झाडं मात्र तशीच हिरवीगार, निर्लज्ज. आणि तिचं काउंटर. काच तडकलेली, "माहिती"मधला "मा" पडलेला, नुसतंच "हिती". आत आतल्या फोनचा डबा, वायर तुटलेली, आकड्यांच्या खाली तिच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली, ३१ ऑल्टर. ती तिथे थांबली. इतिहासवाला पुढे बोलत गेला, मग मागे वळला आणि लांबच थांबला. एवढं बरं केलं त्याने.

चौदा वर्षांपूर्वीचा मंगळवार. दुपारचे तीन वाजून वीस. साहेब काउंटरवर आले ते धावत नाही, चालत, पण खूप भरभर चालत. "वर बोळात धूर आहे. मामा बोल." ती बोलली. टिंगटाँग, त्याच आवाजात, कारण तिला दुसरा आवाजच शिकवला नव्हता. पहिला मजला उतरायला लागला, हसत, कुणीतरी लांबून ओरडलं, "आज कुणाचा गं?" ती दुसऱ्यांदा बोलली. दुसरा मजला. तिसऱ्यावरच्या दुकानातल्या पोरींना वास आला होता, त्या गिऱ्हाइकांना घेऊन उतरल्या. ती मोजत होती. सुई नाही. तिने फोन उचलला, ३१ दाबलं. आणि सुईने लगेच घेतला. मागे इस्त्रीचा फस्स आवाज. "आज कुणाचा वाढदिवस गं?" सुई म्हणाली. भाची म्हणाली, "तू खाली ये." "एक पॅन्ट राहिली आहे, माणूस चारला येतोय. माझा तुकडा ठेव." "तू आत्ता खाली ये." आणि सुई हसली. "येते गं बाई, किती गोड हाक मारतेस, मामाला सांग मामी येतेय." भाचीने वर बघितलं. साहेब समोर उभे. आजूबाजूला गिऱ्हाइकं. साहेबांनी तोंडावर बोट ठेवलं. असं. नुसतं एक बोट. आणि तिने तो शब्द म्हटला नाही. दोन अक्षरं. चौदा वर्षं ती दोन अक्षरं तिच्या तोंडात आहेत. आणि बाकी सगळं जग ती दोन अक्षरं दिवसभर उधळत असतं बघ! डोळ्यांची आग होते डॉक्टर. पोटात आग पडलीय, काहीतरी खायला दे. भाव काय, आग लागलीय बाजाराला. आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले. दवाखान्यात रोज वीस माणसं तिच्या टेबलापाशी येऊन तो शब्द फुकट म्हणतात, आणि तिला वाटतं एकेकाची मानगूट धरावी, की तुला कुणी परवानगी दिली? अकरा मिनिटांनी कुणीतरी काच फोडून खरी घंटा वाजवली. तोपर्यंत पुठ्ठे पेटून बोळ बंद झाला होता. चारशे माणसं धडधाकट बाहेर. वर्तमानपत्रात चौथ्या पानावर आलं, सुदैवाने जीवितहानी एकच. सुदैवाने! एकच! जशी काही सुई म्हणजे हिशेबात राहिलेली चूक.

तिला घेऊन इतिहासवाला दालनात आला. भिंतीवर फलक लावून तयार होते, गुळगुळीत, मोठाल्या अक्षरांचे, एकेका वर्षाला एकेक. बर्फाचा कारखाना. भूमिपूजन. पहिला जिना. ती वाचत गेली. पाचवं वर्ष, खेळण्यांचं दालन. सहावं वर्ष, एका दिवसात विक्रमी गर्दी. सातवं वर्ष, नूतनीकरणासाठी चाळीस दिवस बंद. तिने ते पुन्हा वाचलं. नूतनीकरण. अगं, ऐकतेयस ना? माणूस जळालं, त्याला नूतनीकरण! तिचे कान वाजायला लागले. आणि तेवढ्यात मागून, "अगं भाची! किती वर्षांनी!" साहेब. पांढरे झालेले, हात थरथरता, गळ्यात मफलर, अगदी कुणाच्याही आजोबांसारखे. त्यांची मुलाखत नुकतीच झालेली. ते इतिहासवाल्याला सांगत होते, "हिचा आवाज म्हणजे साखर. मामाची कल्पना माझी बरं का, पण तो मोठा केला हिने." भाची म्हणाली, "साहेब, सातव्या वर्षाचं वाचलंत?" ते म्हणाले, "कंपनीचं लिखाण आहे ते. आपण कशाला." "तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?" "बाळ, जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?" "सुईचं नाव तरी?" मग साहेबांचा चेहरा बदलला. आवाज नाही बदलला, नुसता चेहरा. "नावं काढायची तर सगळीच निघतील. मी चारशे माणसं बाहेर काढली त्या दिवशी. एकाला खरचटलं नाही. आणि जी राहिली ती का राहिली? लांडगा आला रे आला करून ठेवलं होतं पोरींनी त्या शब्दाचं. ते कुणी सुरू केलं होतं, मी?"

बघ, खोटं असतं ना तर ती त्यांच्या अंगावर धावून गेली असती. पण ते खरं होतं. अर्धं, पण खरं. आणि अर्ध्या खऱ्याचा राग पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त येतो, कारण तो फेकून मारायला हातात धरला की आपल्याच हाताला चिकटतो. केक तुम्हीही खाल्लात, असं तिला म्हणायचं होतं. सराव कुणी बंद केला, धुराने आपोआप वाजणारी घंटा कुणी बंद करून ठेवली होती गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून, बोळात पुठ्ठे कुणी रचू दिले, ते बोट कुणाचं होतं. सगळं एकदम वर आलं आणि तोंडाशी येऊन अडकलं, जसा चारशे माणूस एका दरवाजावर. ती फिरली आणि इतिहासवाल्याला म्हणाली, "लाव तुझा कॅमेरा."

आणि बोलली. पहिल्यांदाच, कुणापाशी तरी, गोड आवाज न लावता. आवाज फाटत होता, घोगरा, मध्येच बारीक, तिला स्वतःला अनोळखी. मामा म्हणजे काय ते सांगितलं. पहिला वाढदिवस कुणाचा, कल्पना कुणाची, माझी. कोण कोण कसं धावत आलं, सुई कशी हसता हसता खाली बसली. मग तो मंगळवार. धूर, बोट, अकरा मिनिटं. फोनचं मात्र नाही सांगितलं, ते तोंडाशी आलं आणि तिने गिळलं. साहेब मध्येच उठून गेले, काठी टेकत, एकदाही मागे न बघता. ती थांबली तेव्हा इतिहासवाल्याचे डोळे ओले होते. खरंच ओले, नाटक नाही. म्हणाला, "मॅडम, सोनं आहे. वाढदिवसाचं जे सांगितलंत ते म्हणजे निव्वळ सोनं. लोक वेडे होतील. तोच आवाज, तोच केक, त्या हसणाऱ्या मैत्रिणी." "आणि पुढचं?" तो खाली बघायला लागला. "पुढचं कंपनी नाही घेणार. मी भांडून बघेन, पण नाही घेणार, खोटं कशाला बोलू. इथे आता हजार माणसं कामाला बसणार आहेत, मॅडम, त्यांना रोज आत शिरताना…" "मग वाढदिवसही घ्यायचा नाही," भाची म्हणाली. "अर्धं नाही चालणार. घ्यायचं तर दोन्ही, नाहीतर काही नाही." "तुमच्या होकाराशिवाय मी एक शब्द वापरणार नाही. फक्त संध्याकाळपर्यंत सांगा. उद्या शनिवारी उद्घाटन आहे." आणि हळूच पुढे, "विचार करा. नाहीतर तिचं काहीच राहणार नाही बघा. फलकावर नाही, फिल्ममध्ये नाही. निदान हसताना तरी…" भाचीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि ती मारता येत नव्हती, कारण पोरगं वाईट नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग. वाईट माणसं सापडतच नाहीत वेळेवर. सगळे चांगलेच. चांगल्या चांगल्या माणसांनी मिळून सुईला त्या खोलीत ठेवलं.

तिथून ती घरी गेली नाही, मावशीकडे गेली. मावशी म्हणजे सुईची आई. बहात्तरची, एकटी, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, अजून मशीन चालवते, शेजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे शिवते. भाची चौदा वर्षं दर रविवारी जाते. मावशी सगळ्यांना सांगते, हिच्या आवाजाने चारशे माणसं वाचली, माझीच तेवढी नशिबाने हुकली. आणि भाची दर रविवारी ते ऐकून घेते, चहा पिते, सुईत दोरा ओवून देते आणि येते. आज शुक्रवार. मावशी दारातच म्हणाली, "काय गं, वार चुकलीस की मी?" भाची खुर्चीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. कॅमेऱ्याला जेवढं सांगितलं तेवढं, आणि जे नाही सांगितलं तेही. वाढदिवस मी सुरू केला मावशी. तिच्याच वाढदिवसापासून. आणि त्या दिवशी मी तिला फोन केला होता. ती बोलली माझ्याशी. मी तिला नुसतं खाली ये म्हटलं, का ते नाही म्हटलं. एक शब्द म्हटला असता तर ती आज इथे बसली असती. हे सांगताना ती मावशीकडे बघत नव्हती, मशीनच्या चाकाकडे बघत होती. आता मावशी उठेल. हाताला लागेल ते फेकेल. चालती हो म्हणेल. आणि खरं सांगू का, तिला तेच हवं होतं. चौदा वर्षं सगळा राग एकटीने वाहायचा म्हणजे काय, कुणीतरी दुसऱ्याने पण थोडा उचलावा की.

मावशीने विचारलं, "काय बोलली फोनवर?"

"आज कुणाचा वाढदिवस म्हणाली. माझा तुकडा ठेव म्हणाली."

"आणि?"

"मामाला सांग मामी येतेय म्हणाली."

"हसली?"

"हसली."

मावशीने चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी चौदा वर्षं तिला ओरडताना बघतेय गं. डोळे मिटले की दार बडवताना दिसते. हसली म्हणतेस?" आणि मावशीचा चेहरा, काय सांगू तुला, त्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेली, जशी शिवण उसवत जावी. "कशी हसली? मोठ्याने? ती नाक फेंदारून हसायची तशी?" भाचीला सांगावं लागलं. मोठ्याने, मावशी. नाक दिसलं नाही, पण तसंच. मावशीने पुन्हा विचारलं, पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा. मग मावशी डोळे पुसून म्हणाली, "त्या पोराला फोन कर. वाढदिवसाचं घाल म्हणावं."

"मावशी, तो पुढचं घालणार नाहीये. आगीचं काढून टाकणार. नुसता केक दाखवणार."

"मग दाखवू दे की. आगीचं काय, सगळ्या शहराला माहीत आहे."

"कुणाला माहीत नाही मावशी! कुणालाही नाही! भिंतीवर नूतनीकरण लिहिलंय त्यांनी. तिच्या नावावर मांजरं पडतात कपाटावरून!"

भाची ओरडली. मावशीवर, चौदा वर्षांत पहिल्यांदा. मावशी दचकली नाही. मशीनखाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचललं, त्याची धूळ पदराला पुसली आणि म्हणाली, "मी सत्तरी पार केली. मला आता त्यांचं भांडण जिंकायचं नाहीये. मला एकदा ते दालन बघायला जायचंय आणि तिथे माझी पोरगी हसलेली ऐकायची आहे. लोकांनी ऐकायची आहे. एवढं मिळत असेल तर तू मध्ये का येतेस?"

भाचीने फोन हातात घेतला. इतिहासवाल्याचे दोन फोन येऊन गेलेले. पाच वाजून पस्तीस. समोर मावशी, डोळ्यांत अशी आशा की बघवत नव्हती. हो म्हणावं तर सुई हसते आणि साहेब सुटतात, पत्र्याआड सगळे सुटतात, नूतनीकरण खरं होऊन बसतं आणि त्यावर भाचीच्या गोड आवाजाचा शिक्का. नाही म्हणावं तर तिचा राग शाबूत राहतो, खरं शाबूत राहतं, कुणालाही न दिसणारं, आणि या म्हातारीचं दार पुन्हा बडवायला लागतं. मावशी म्हणाली, "लाव की गं." आणि तिचा अंगठा त्या नावावर.

आता बोल. त्या खुर्चीत तू असतीस तर काय केलं असतंस?